मागच्या बाजूची खिडकी

"दोर दोन माणसांचं वजन पेलेल?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"उतरणार एकच आहे, बाई," मुकादम म्हणाले. "पण पेलेल."

त्या काळी काचा पुसणाऱ्यांकडे विजेवरचे पाळणे नव्हते. गच्चीवरून दोर सोडायचा आणि माणसानं फळीवर बसून भिंतीकडेनं उतरायचं. मागच्या वर्षी घाईत मारलेली गाठ सुटून मुकादमांचा एक माणूस पडला होता. तेव्हापासून ते जागा डोळ्यांखालून घातल्याशिवाय कोणाला कठड्यापलीकडे जाऊ देत नसत. गिऱ्हाइकं कुरकुरत. एक काच पुसायला एवढा फौजफाटा कशाला, म्हणत.

या बाई निराळ्या निघाल्या. सकाळीच कचेरीत येऊन बसल्या, रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी. काम आजच हवं होतं आणि एकाच खिडकीचं, मागच्या बाजूच्या. मुकादमांनी घाईला साफ नकार दिला, तशी त्यांनी वाद न घालता दोराचीच चौकशी मांडली. जादा दोर घेता येईल? घ्या. खाली जाळं लावता येईल? तेही लावा. फक्त जाळं बांधणाऱ्यांनी मोठ्यानं बोलायचं नाही आणि वर बघत उभं राहायचं नाही; घरात आजारी माणूस आहे.

इतकं जपणारं गिऱ्हाईक मुकादमांना उभ्या जन्मात भेटलं नव्हतं. तरीही त्यांच्या जिवाला घोर होताच. दुपारी गच्चीवर त्यांनी खांब हलवून पाहिला, दोर वीतवीत हातातून सोडला, मग वारा पडायची वाट बघत बसले. बाई कठड्याजवळ उभ्या होत्या, पण एकदाही खाली वाकल्या नाहीत.

उतरणारा होता मुकादमांचा मेव्हणा. भिंतीला चिकटून राहतो म्हणून सगळे त्याला पाल म्हणत.

"भावजी, एवढी काळजी तर तुम्ही ताईचीपण घेत नाही," पट्टा आवळत तो म्हणाला.

"तू पडलास तर तुझी ताई मला जन्मभर उपाशी ठेवील. गाठ दाखव."

त्यांनी गाठ ओढून पाहिली. समाधान होईना, म्हणून सोडवून स्वतः पुन्हा मारली.

खिडकीसमोर अचानक माणूस दिसला तर आतलं कोणी दचकणार नाही ना, असं बाईंनी हळूच विचारलं. मुकादमांना हसू आलं. आतल्यांना आमचं काही वाटत नाही, ते म्हणाले, कठड्यावर कावळा बसावा तसे आम्ही. कोणी मान वर करून बघत नाही. बाईंनी क्षणभर डोळे मिटून घेतले.

वारा पडला. मुकादमांनी मान हलवली आणि पाल फळीवर बसून कठड्यापलीकडे गेला. तेवढ्यात बाईंनी पुढे होऊन त्याची बाही धरली.

"हळू जा, बाळा. बादली दिसू दे, फडकं हातात राहू दे," त्या कुजबुजल्या. "माझी लेक कालपासून त्या खोलीत आतून कडी लावून बसलीय. दाराशी कोणी गेलं, की ती खिडकीत चढून उभी राहते."