दुसरी काच

मिरजेच्या प्रयोगशाळेत कुमुदबाई ओगले पडद्याकडे बघत बसल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवरचा, त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या मेंदूचा पातळ काप पडद्यावर हिरवा चमकत होता.

"हिरवं दिसतंय ती तुमची आठवण, काकू," तंत्रज्ञ शबाना म्हणाली. "तुमच्या चेहऱ्यासाठी बनवलेली चमकणारी अँटिबॉडी फक्त तिलाच चिकटते."

शेवटची काही वर्षं ते रोज विचारायचे, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" तरीही आता कुमुदबाईंना रडू आलं नाही, की हायसंही वाटलं नाही. त्यांचा मुलगा मात्र मघाशी वडिलांच्या मेंदूतल्या स्वतःच्या आठवणीची काच बघून बाहेर बाकावर अजून रडत होता.

"ही दुसरी काच कसली?"

"पडताळणीची. काप त्याच मेंदूचा, पण हिच्यावर अँटिबॉडी घातलेलीच नाही. ही काळी दिसायला हवी." शबानाने ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

पडद्यावर तसंच हिरवं उमटलं.

शबानाने काच काढून पुन्हा लावून बघितली. "म्हाताऱ्या मेंदूत कधीकधी अशी चमक मुळातच असते, आठवण असो वा नसो, काकू."

कुमुदबाईंनी मान हलवली. "मुलाच्या वेळी ही दुसरी बघितली होतीस?"

"नाही. घाईत राहून गेली."

"मग राहू दे," म्हणत कुमुदबाई उठल्या.