पुसण्याआधी

मुलांनो, ढाणकी गावातलं, साधनाच्या बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं बंद दुकान डोळ्यांपुढे आणा. कापूस बुडाला तशी गिऱ्हाइकं आटली. दुकान बंद करून बाबा शेतात कीटकनाशक फवारायच्या मजुरीला गेले आणि औषधाच्या विषबाधेने दगावले.

शाळेच्या प्रदर्शनासाठी साधनाला चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं यंत्र करायचं होतं. यंत्राच्या तीन आराखड्यांतला सर्वांत सोपा निवडून तिने ते बाबांच्या डब्यातल्या सुट्या भागांतून जोडलं. चिप मात्र घरात एकच होती, बाबांनी बनवलेल्या दारावरच्या घंटीतली. नवं भरायचं तर जुनं पुसावं लागणार होतं.

“पुसून टाक, पोरी,” माय म्हणाली. “तुह्या बाबानं तं हसत पुसली असती.”


पुसण्याआधी साधनाने आपल्या यंत्रातून जुना प्रोग्रॅम संगणकाच्या पडद्यावर उघडला आणि बाबांनी लिहिलेला एकेक न कळणारा आकडा ती पेन्सिलीने वहीत उतरवत बसली.