आठ तीन आणि एक

फ्लेक्सवर एक तीन कमी होता. निखिलने बोटाने मोजलं. सातच भरले.

"इमरानभाई, आठ तीन आणि शेवटी एक, असं सांगितलं होतं."

"निखिलभाऊ, तुमच्या काकानं स्वतःचा फोटो मोठा घ्यायला लावला," फ्लेक्सवाला इमरान शिडी धरून म्हणाला. "गॉगल कापला जाऊन राह्यला होता. मंग एक तीन काढला. सात हायेत की अजून."

परतूरच्या चौकात हा फ्लेक्स जगन्नाथकाकांनी हौसेने लावला होता. पुतण्याने संख्या शोधली म्हणजे नेमकं काय केलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण लोक वाढदिवसाला फ्लेक्स लावतात, आणि संख्या तर नऊ आकडी होती. निखिलचा दावा साधा होता. ३१ला एक आणि ३१ सोडून कशानेच भाग जात नाही, म्हणजे ती मूळ संख्या. ३३१ पण मूळ, ३३३१ पण मूळ. पुढे तीन वाढवत जा, संख्या मूळच राहणार. पाच तिनांपर्यंत त्याने करून पाहिलं होतं. पुढचं विश्वासावर.

हे त्याने स्वरालाही फोनवर ऐकवलं होतं. स्वरा जालन्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायची, आणि आज वडिलांना घेऊन स्थळ बघायला येणार होती. तिला चौकातच चुकीचा आकडा दिसला तर स्थळ गेलंच.

"जल्दी एक तीन कापून आणा. वरून चिकटवा."

इमरान दुकानाकडे वळला आणि स्वराची गाडी येऊन थांबली.

ती वडिलांसोबत उतरली, फ्लेक्स वाचला, आणि नमस्काराआधी मोबाइलवर काहीतरी करू लागली. निखिलने घाम पुसला.

"खरं सांगू? मी नकार द्यायलाच आले होते," ती म्हणाली. "फोनवर तुम्ही आठ तीन सांगितले. त्या संख्येला सतराने भाग जातो. पण इथं सातच आहेत, आणि ही संख्या खरंच मूळ आहे. म्हणजे तुम्ही परत तपासलंत. चूक दुरुस्त केलीत, तीही भर चौकात."

निखिलने विनयाने मान खाली घातली. हा विनय बराच टिकला असता, पण इमरान लाल तीन घेऊन आला आणि शिडी चढू लागला.

"राहू द्या, इमरानभाई."

"असं कसं? गलती माझी हाय. आठ म्हणल्यावर आठ."

स्वराने त्या तिनाकडे पाहिलं, मग निखिलकडे.

"पाचाच्या पुढं मी तपासलंच न्हाई," तो म्हणाला. "ते गॉगलमुळं बरोबर आलं."

फोटोतल्या गॉगलकडे बघून ती हसली.

"बाबा, होकार सांगून टाका," ती म्हणाली. "फक्त लग्नाच्या पत्रिका या शिडीवरच्यांकडूनच छापायच्या."