काहून विचारायचं न्हाई

"पुन्हा 'काहून' म्हणलीस," शिवकन्या मॅडम म्हणाल्या. "पेशंटला 'काहून' विचारायचं न्हाई. त्याला वाटतं, आपलंच चुकलं."

शाहिस्तानं मान खाली घातली. नर्सिंगच्या परीक्षेत मनाच्या आजाराच्या पेशंटशी बोलून दाखवायचं असतं. परीक्षा पुढं ढकललीय, आता सोमवारी आहे, आणि यंदा नापास झाले तर अब्बा गावाकडं, शिरड शहापूरला, परत नेतील, असं तिनं मॅडमना सांगितलं होतं. म्हणून रजेवर असलेल्या मॅडमच्या वसमतच्या घरी ती रोज दुपारी यायची. मॅडम पेशंट व्हायच्या, ती नर्स.

मॅडमच्या नवऱ्याला, वैजनाथरावांना, हे मुळीच आवडत नव्हतं. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, घरी आल्यावर कॉलेजच्या तपासणीच्या फायली. बायको आधीच अर्धी झाली होती. आता रजेतही पोरी पिच्छा सोडत नाहीत म्हणजे काय! डॉक्टरांना त्यांनी दाखवलं होतं. पण डॉक्टर काय विचारणार ते मॅडमना पाठ. वर्षानुवर्षं त्यांनी तेच तर शिकवलं होतं. झोप लागते, जेवण जातं, नुसता थकवा आहे, असं सांगून त्या हसत बाहेर आल्या होत्या.

"चल, पुन्हा कर," म्हणत मॅडम पलंगावर भिंतीला टेकून बसल्या.

शाहिस्तानं खुर्ची जवळ ओढली. झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मॅडम उत्तरं देत गेल्या. आज आवाज फारच बारीक लावला होता. या कामात त्या मुरलेल्या होत्या.

"मरून जावं असं वाटतं का?"

"व्हय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. शिकवता शिकवता बी वाटतं. कोणाला सांगू? म्हणतील, जी शिकवते तिलाच झालं."

शाहिस्तानं 'काहून' विचारलं नाही. तिनं मॅडमचा हात हातात घेतला. ऐकणाऱ्याचं काळीज तुटावं अशा मॅडम रडल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बराबर केलंस. पास होशील तू."

ओसरीवर वैजनाथराव वैतागून बसले होते. शाहिस्ता बाहेर आली तशी, सोमवारपर्यंत रोजच येणार का, असं त्यांनी तिला विचारलं.

शाहिस्तानं खोलीचं दार उघडंच ठेवलं, आतलं दिसेल असं.

"डॉक्टरांना आत्ताच फोन लावा, सर. मॅडमला एकटं सोडू नका," ती हळूच म्हणाली. "माझी परीक्षा मागच्याच आठवड्यात झाली."