पाहुण्याचा परवाना

“किती दिवसांचा देऊ?” खिडकीतल्या बाईने विचारलं आणि बाबांना घेऊन आलेल्या लेकीचं घोडं अडलं.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. मासेमारीच्या परवान्यासाठी पासपोर्ट दाखवून झाला, फोटोही काढून झाला. फोटोत बाबा असे बघत होते, जणू कॅमेऱ्यानेच त्यांचं जाळं पळवलंय. उभा जन्म समुद्रावर काढलेल्या माणसाला मासे धरायची परवानगी मागायला परक्या देशात रांगेत उभं केलेलं. स्वारी सकाळपासून घुश्शात होती.

“पाणी काय यांच्या बापाचं आहे?”

“हळू बोला, बाबा.”

“हिला कळतंय थोडंच!”

बाईला खरंच कळत नव्हतं. तिला सणसणीत सर्दी झाली होती. एका हाताने नाक पुसत ती दुसऱ्या हाताने टाइप करत होती, आणि दोघांचं बोलणं इकडचं तिकडे करायला मध्ये लेक उभी होती. “जाळं चालणार नाही, फक्त गळ,” असं बाईने बजावलं. “गळ म्हणजे पोरांचा खेळ,” बाबा म्हणाले. लेकीने बाईला सांगून टाकलं, “हो म्हणतायत.” नवा कोरा गळ कोपऱ्यात टेकवून ठेवलेला होताच. परवाना मिळाला की इथूनच परस्पर पाण्यावर जायचं ठरलं होतं.

मग कुठल्या पाण्यावर जाणार, हा प्रश्न आला आणि बाबांनी तोंड घट्ट मिटलं. लेकीला कारण ठाऊक होतं. पाण्यावर निघालेल्या माणसाला कुठे निघालात, कधी येणार, असं त्यांच्या घरात कुणी म्हणजे कुणी विचारायचं नाही. विचारलं की संपलंच. होडी त्या दिवशी सुटायची नाही. माणूस मागे फिरायचा, घरी येऊन पाणी प्यायचा आणि दिवसभर बसून राहायचा. आई बापडी, नवऱ्याने पाण्याचा कॅन मोठा उचलला की लहान, एवढ्यावरून काय ते ओळखायची. लेकीने डोकं चालवलं आणि बाबांना भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं. बाबांनी छताकडे बघत, सहज लागल्यासारखं, पुलाखालच्या खाडीवर बोट टेकवलं. तोंडाने काही बोलले नव्हते ना! तेवढं निभावलं.

पण हे कसं निभावायचं?

“एका दिवसाचा, आठवड्याचा, वर्षाचा,” बाई म्हणाली. “पाहुण्यांना तिन्ही मिळतात.”

बाबांचं परतीचं तिकीट महिनाअखेरचं होतं. ते बदलता येत होतं, मुक्कामही वाढवता येत होता. लेकीने सगळी चौकशी गुपचूप करून ठेवली होती. आई गेल्यावर तिकडे त्यांची वाट बघणारं होतं तरी कोण? पण राहता का, हे काही तिच्याने विचारवत नव्हतं. जेवताना प्रश्न अगदी ओठांवर यायचा आणि ती म्हणायची, “अजून वाढू?” नाही म्हणाले तर, या धास्तीने ती रडकुंडीला आली होती. त्यात बाबांचं आपलं सारखं ‘तुझ्याकडे’. तुझ्याकडे नळाला जोर चांगला आहे. तुझ्याकडे झोप बरी लागते. पाहुणा म्हणजे अगदी पक्का पाहुणा.

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

“काय म्हणतेय ती?” बाबांनी विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. परस्पर वर्षाचा घेऊन टाकता आला असता. पण इतके दिवस ओठांवर अडवलेला प्रश्न तिच्या तोंडून निसटला.

“बाबा, तुम्ही परत कधी जाणार?”

बाबांनी काउंटरवरची टोपी उचलून डोक्यावर दाबली.

“झालं!” ते एवढ्यांदा कडाडले की सगळी कचेरी वळून बघायला लागली. “पाण्यावर निघालेल्या माणसाला हे असं विचारतं कुणी? तुझ्या आईने कधी विचारलं नाही, आणि तू... गेला की आजचा दिवस!”

“चुकलं, बाबा.”

“चुकलं म्हणे! चल आता घरी. पाणी प्यायचं आणि बसायचं गपगुमान. उद्या येऊ, नाहीतर परवा येऊ. मला कुठे जायचंय?”

कोपऱ्यातला गळ उचलून ते दाराकडे निघालेसुद्धा. रागाच्या भरात आपण काय बोलून गेलो, हे त्यांच्या गावीही नसावं. लेकीने मात्र अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले.

“रागावले का?” बाईने विचारलं.

“खूप. घरी चाललेत.”

“अरेरे, मायदेशी?”

“नाही हो. घरी. त्या पुलापलीकडे, दुसऱ्या मजल्यावर.”

बाईला काय कळलं कोण जाणे. तिने आपला कागदी रुमालांचा डबा लेकीपुढे सरकवला, स्वतःही एक घेतला, आणि दोघी मिळून नाकं पुसत राहिल्या.

“अगं, येतेस ना?” बाबा दारातून ओरडले. “किल्ली माझ्या खिशात आहे. मागे राहिलीस तर बसशील बाहेर!”