मोजून दिलेली गाणी

मारुतीच्या देवळापाशी वरात अडली होती. नवरदेवाच्या मामांनी खंडोबाचे गाणे मागितले होते आणि डीजेच्या गाडीवर उभ्या जयवंतला ते लॅपटॉपमध्ये काही केल्या सापडत नव्हते. वऱ्हाडी म्हणून आलेला दिगंबर रस्त्याकडेला थांबून शांतपणे पाहत होता.

दोघांनी मिळून उभारलेल्या धंद्यातून जयवंतने त्याला परवाच बाहेर काढले होते. नुसत्या आकड्यांनी साठवलेल्या हजारो गाण्यांना ताल, वेग आणि प्रसंग पाहून नावे देण्यात दिगंबरची उमेदीची वर्षे गेली होती. "चिठ्ठ्या चिकटवणं हे काय काम झालं?" जयवंत चारचौघांत हसला होता. "जाताना गाणी मोजून दे, अण्णा. एकही कमी भरता कामा नये." दिगंबरने ती मोजून दिली होती.

"अहो डीजे, झोप लागली का?" मामा ओरडले. जयवंतने घाबरून अंदाजाने एक गाणे लावले, आणि भर वरातीत सासरी निघालेल्या लेकीचे रडगाणे घुमू लागले. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मामा खवळले.

जयवंत गाडीवरून उडी टाकून धावत आला. "अण्णा, सगळीकडे नुसते आकडे दिसतायत! खंडोबाचं कुठंय?"

"आतच आहे. एकही गाणं कमी नाही," दिगंबर म्हणाला. "माझ्या चिठ्ठ्या तेवढ्या मी काढून नेल्या."

खंडोबाच्या गाण्याचा आकडा त्याला तोंडपाठ होता. बाह्या सरसावत येणाऱ्या मामांना वाट देण्यासाठी तो अदबीने बाजूला सरकला.