विहिरीचं कुलूप

हरिश्चंद्राने कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडली आणि विहिरीचं कुलूप उघडलं. लोक कपाटाला कुलूप लावतात, हा विहिरीला लावून बसला होता. गोखिवऱ्याच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी जाळी करून आणली, विहिरीच्या तोंडावर बसवली आणि वर हे एवढं पितळी कुलूप. किल्ली एकच. ती झोपेतसुद्धा त्याच्या कमरेला.

जाळी सारून त्याने कळशी आत सोडली, वर ओढली. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तसंच थुंकून टाकलं.

खारट. कुलूप लावलं त्या दिवशी होतं त्याच्यापेक्षा जास्तच.

समोर पानवेलीची पानं कडेकडेने करपली होती. मागच्या पावसाळ्यात खाडीचं पाणी वाडीत शिरलं, ते पार देवघराच्या फळीपर्यंत चढलं. तेव्हापासून त्याच्या मुलाने, प्रीतमने, एकच धोशा लावलेला. वाडी बिल्डरला देऊ, चंदनसारला फ्लॅटमध्ये राहायला जाऊ. रविवारी बिल्डरचा माणूस सही घ्यायला येणार होता. विहीर गोडी आहे तोवर वाडी सोडणार नाही, असं हरिश्चंद्र सगळ्यांना सांगून बसलेला. आणि विहीर खारट व्हायला नेमका हाच मुहूर्त सापडला.

प्रीतम खांद्याला बॅग अडकवून ड्युटीला निघाला होता.

"पानी चाख," हरिश्चंद्र म्हणाला.

"रोज काय चाखायचं, बाबा? खारट आहे."

"न चाखता कळलं तुला?"

प्रीतम थांबला. "म्हणजे?"

"नारळांच्या मिठाची गोनी आनली होती. अर्धी झाली. बाकीचं मीठ गेलं कुठं?"

"मी टाकलं विहिरीत? अहो, एवढी मोठी विहीर, अर्ध्या गोणीने खारट होईल? ट्रक लागेल ट्रक."

"ट्रक बिल्डरकडं हायेत."

हरिश्चंद्राची बायको द्वारका ओट्यावर डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मीठ मी घातलं नारळांच्या आळ्यात. तुमीच बोललेलात, घाल म्हनून. आता माझी पन झडती घ्या."

"तू त्याचीच बाजू घेनार."

"घेईन. तिकडं नळाला गोडं पानी आसंल तर घेईन. ह्या पान्यात डाळ शिजत नाय, मेली दगडासारखी राहते."

"बाबा," प्रीतम हळू म्हणाला, "भरती आता बांधावरून आत येते. तुम्ही रोज बघता. मीठ टाकायला माणूस कशाला लागतो?"

हरिश्चंद्राने कळशी कठड्यावर आदळली. त्याच्या डोक्यात एकच हिशेब होता. शेजारी युजीनची विहीर गोडी असली, तर हे कोणाचं तरी काम आहे. तो कुंपणाच्या फटीतून तसाच पलीकडे गेला.

युजीन आणि तो लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. युजीन पडवीत बसून केळीची पानं बांधत होता.

"पानी दे रे," हरिश्चंद्र बाकावर टेकत म्हणाला.

"फ्लॉसी, हरीला सरबत कर," युजीनने बायकोला हाक मारली.

"सरबत नको. पानी."

"ऊन झालंय. सरबत घे."

"तुज्या दारात जन्मभर पानी प्यालो मी. आजच सरबत कसं काय?"

युजीन पानांची गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिला. फ्लॉसी पाण्याचा ग्लास घेऊन आली. हरिश्चंद्राने घोट घेतला. पाणी गोडं होतं, पण त्याला चवच नव्हती. युजीनच्या विहिरीचं पाणी त्याने डोळे बांधून ओळखलं असतं. त्याने मान वाकडी करून आत बघितलं. स्वयंपाकघराच्या दारामागे निळा जार होता, त्याच्यावर टॉवेल टाकलेला.

"हे इकतचं पानी हाय."

फ्लॉसीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"कधीपासून, युजीन?"

"नाताळापासून."

"आनि मला बोलला नाय तू?"

"काय बोलू? मला वाटलं तुजा प्रीतमच विहिरीत मीठ टाकतोय. त्यालाच जायची घाई. मग तू कुलूप लावलंस. मी म्हटलं, हरीला मानूस सापडला वाटतं." युजीनने खाली बघितलं. "मी पन जाळी सांगितली, गोखिवऱ्याला."

"मी ह्यांना बोलले," फ्लॉसी ग्लास परत घेत म्हणाली, "तेवढ्यात खाडीला पन एक कुलूप सांगा."

हरिश्चंद्र परत आला तेव्हा प्रीतम अजून विहिरीपाशीच उभा होता. ड्युटीला उशीर झाला होता, तरी.

"काय बोलले अंकल?"

हरिश्चंद्राने जाळी उघडीच ठेवली. किल्ली कुलपात अडकवून कुलूप कठड्यावर ठेवलं. घरात गेला, एक रिकामी बाटली घेऊन आला. झाकण काढून तिचा वास घेतला. परत एकदा घेतला. मग ती मुलाच्या पुढे धरली.

"येताना चंदनसारला जा. त्या फ्लॅटच्या नळाचं पानी आन."

"म्हणजे रविवारी सही...?"

"आधी चाखतो."

"बरं. बिल्डरच्या माणसाला फोन करतो, तो भरून ठेवेल."

"त्याला नको." हरिश्चंद्राने बाटली स्वतःच्या हाताने प्रीतमच्या बॅगेत कोंबली आणि चेन लावली. "तूच भर. दुसऱ्या कोनाच्या हातात देऊ नको."